शेजारच्या रानात इमारत येण्याआधी



शहर किंवा तालुक्याचे गाव तुमच्या शिवारापासून दोन-तीन कोसांवर असेल, तर पुढची हकिगत तुमच्या ओळखीची असेल. रस्त्याकडेचे एखादे रान विकले जाते. वर्षभरात त्याला पत्र्याचे कुंपण पडते, बोअरवेलची गाडी येते, आणि एक दिवस सात मजल्यांचा सांगाडा उभा राहतो. मग पारावर भांडण सुरू होते. कोणी म्हणतो, "आमच्या विहिरीचं पाणी तळाला गेलं." कोणी म्हणतो, "पाणंद बंद केली, गाडी न्यायची कुठून?" ज्याने जमीन विकली तो म्हणतो, "माझी जमीन, माझा सौदा. तुम्हाला काय करायचंय?" दोघेही आपापल्या जागी खरे असतात. भांडण विकोपाला जाते, भावकी तुटते, पण इमारत काही हलत नाही.

ती हलत नाही, कारण तिचा निकाल आधीच लागलेला असतो. त्या रानात घरे बांधता येतील की नाही, आली तर किती दाट येतील, रस्ता कुठून जाईल, हे सारे काही वर्षांपूर्वी एका नकाशावर ठरून गेलेले असते. तो नकाशा लोकांपुढे ठेवला होता, हरकती मागवल्या होत्या, मुदतही दिली होती. गावाला त्याचा पत्ता नव्हता. बैल गेला अन् झोपा केला, असे आपल्याकडे म्हणतात ते यालाच. म्हणून आज या नकाशाविषयी थोडे सविस्तर सांगायचे आहे.

नकाशाचे रंग

आपल्या राज्यात जमिनीचा वापर कशासाठी करायचा हे महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ या कायद्याने ठरते. एखाद्या मोठ्या प्रदेशासाठी प्रादेशिक योजना होते. शहरासाठी, आणि आता शहरांभोवतीच्या कित्येक गावांसाठीही, विकास आराखडा होतो. या नकाशांवर प्रत्येक गट कोणत्या ना कोणत्या विभागात पडतो. शेती विभागाला लोक ग्रीन झोन म्हणतात आणि रहिवास विभागाला यलो झोन. शिवाय रस्ते, शाळा, बाग, दवाखाना, बाजार यांसाठी काही जागा आरक्षित दाखवलेल्या असतात.

रंगाचा फरक साधा वाटतो, पण त्यावर घराचे दैव पालटते. शेती विभागात घर बांधायला फार थोडी मुभा असते. तेच रान रहिवास विभागात गेले की भाव कितीतरी पटीने चढतो. आणि तुमच्या गटावर आरक्षण पडले, तर ना नीट विकता येत, ना बांधता येत. बांधाच्या अलीकडचा भाऊ लाखांत आणि पलीकडचा भाऊ धाकात, असे एका रेषेने होऊ शकते.

बिनशेतीच्या परवानगीचे नियम गेल्या काही वर्षांत बरेच सैल झाले आहेत. गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आतल्या जमिनीवर घरे बांधण्यासाठीही महसूल कायद्यात वेगळी तरतूद झाली आहे. त्यामुळे "एन.ए. झाले की सगळे झाले" हा जुना समज आता सोडून दिला पाहिजे. जमीन कोणत्या झोनमध्ये आहे आणि तिथे किती बांधकाम बसते, या दोन गोष्टींना आता जास्त महत्त्व आले आहे. गावठाणाबाहेरच्या मोठ्या बांधकामाची मंजुरी बहुतेक ठिकाणी ग्रामपंचायतीच्या हातात नसते. म्हणून सरपंचाशी भांडून नेहमीच उपयोग होतो असे नाही.

एका एकरात किती माणसे?

आता दाटीचा हिशेब पाहू. बांधकामाच्या परवानगीत एफएसआय नावाचा शब्द सारखा कानावर पडतो. त्याचे मराठी नाव चटई क्षेत्र निर्देशांक. अर्थ सोपा आहे. भूखंडाच्या क्षेत्रफळाच्या किती पट बांधकाम सर्व मजले मिळून करता येईल, तो आकडा म्हणजे एफएसआय. एफएसआय एक असेल, तर हजार फुटांच्या जागेवर सगळे मजले धरून हजार फूट बांधकाम. दोन असेल, तर दोन हजार.

समजा एक एकर, म्हणजे ४० गुंठे रान आहे. रस्ता आणि मोकळी जागा सोडून हिशेबाला ३० गुंठे धरू. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. तीस गुंठ्यांचे झाले ३२,६७० चौरस फूट. एफएसआय एक आणि एका घराला ६५० फूट धरले, तर ५० घरे बसतात. घरटी पाच माणसे म्हणजे २५० माणसे. भुयारी गटारे असलेल्या शहरांत माणशी रोज १३५ लिटर पाणी हे प्रमाण धरतात. त्या हिशेबाने या एका एकराला रोज ३३,७५० लिटर पाणी हवे. त्यातले साधारण ८० टक्के सांडपाणी होऊन बाहेर येते, म्हणजे रोज २७,००० लिटर. एफएसआय दोन झाला की हे सगळे आकडे दुप्पट. आणि अशी दहा एकर जमीन असेल, तर एफएसआय एकनेच अडीच हजारांचे नवे गाव तुमच्या शिवारात वसले.

तुलनेला आणखी एक आकडा ध्यानात ठेवा. २०१९ साली सुरू झालेल्या जलजीवन योजनेत खेड्यातल्या माणसासाठी रोज ५५ लिटर पाणी धरले आहे. पाण्याचे साधन गावाच्या आजच्या गरजेपुरते आखायचे आणि शेजारी परवानगी मात्र शहरी दाटीची द्यायची, इथे सारा घोळ आहे.

कोणी म्हणेल, ऊसही पाणी पितोच की. खरे आहे. पण चैत्र-वैशाखात विहीर आटली, तर आपण पाळी चुकवतो, नाहीतर पीकच घेत नाही. राहत्या माणसांची पाळी चुकवता येत नाही. मग टँकर येतो, आणि तो भरला जातो तुमच्या शेजारच्या विहिरीवर.

२ डिसेंबर २०२० रोजी, मुंबई आणि काही मोजके भाग वगळून, जवळजवळ सगळ्या राज्यासाठी बांधकामाची एकत्रित नियमावली मंजूर झाली. तिच्यात रस्ता जितका रुंद तितके जास्त बांधकाम करता येते, आणि सरकारला अधिमूल्य भरून आणखी वाढवता येते. म्हणून आराखड्यात तुमच्या बांधावरून रुंद रस्ता दाखवला असेल, तर तो नुसता रस्ता समजू नका. शेजारी किती मजले चढतील, हेही तो रस्ता सांगत असतो.

विकणारा शत्रू नव्हे

गावात अशा वेळी दोन तट पडतात. राखणारे आणि विकणारे. राखणाऱ्यांना वाटते, विकणाऱ्याने काळी आई बाजारात मांडली. पण ज्याचे दीड एकर कोरडवाहू आहे, डोक्यावर सोसायटीचे कर्ज आहे आणि घरात आजारपण आहे, त्याने कशाच्या जोरावर राखायची? शेतमालाचा भाव त्याच्या हातात नाही. जमिनीचा भाव तेवढा आयुष्यात एकदा हातात येतो. त्याला दोष देणे सोपे, त्याच्या जागी उभे राहणे अवघड.

उलट राखणाऱ्याचेही ऐका. त्याच्या रानात द्राक्षबाग आहे, गोठा आहे, मोटरीची लाइन आहे. चारी बाजूंनी वस्ती आली की फवारणीवर तक्रार, गोठ्याच्या वासावर तक्रार, पाटाच्या पाण्यात कचरा. जमीन न विकताच त्याची शेती उठते.

दोघांचा खरा प्रश्न एकच आहे. घरे येणार तर किती, कुठे, आणि त्यांच्या पाण्याची, सांडपाण्याची व रस्त्याची सोय आधी की मागून? याचे उत्तर आराखड्यात मिळते, पारावर मिळत नाही.

वसईने काय शिकवले

मुंबईच्या उत्तरेला वसई. समुद्र आणि रेल्वे यांच्या मधला हा पट्टा केळी, भाजी, फुले आणि पानवेलींसाठी नावाजलेला. इथली सुकवलेली केळी, म्हणजे सुकेळी, दूरवर माहीत आहेत. पावसाचे पाणी साठवणारी बावखले आणि विहिरी यांवर इथल्या वाड्या जगल्या. मुंबईला घरे कमी पडू लागली तशी बांधणाऱ्यांची नजर इकडे वळली. १९८०च्या दशकाच्या शेवटी इथल्या हिरव्या पट्ट्यातली मोठी जमीन बांधकामाला मोकळी होऊ लागली. १९९० साली सिडकोकडे या भागाचे नियोजन सोपवले गेले.

इमारती आल्या, नळाचे पाणी मागे राहिले. वाड्यांमधल्या विहिरींचे पाणी टँकरने नव्या वस्त्यांना विकले जाऊ लागले. समुद्रकाठच्या जमिनीत गोड्या पाण्याचा उपसा वाढला की खारे पाणी आत सरकते. तसेच झाले. याविरुद्ध हरित वसई संरक्षण समिती उभी राहिली. धर्मगुरू आणि लेखक फादर फ्रान्सिस दिब्रिटो तिच्या अग्रभागी होते. हे तेच दिब्रिटो, जे २०२० साली उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. २०२४ साली त्यांचे निधन झाले. मोर्चे निघाले, सभा झाल्या, आणि गावागावांतून लोक आराखडा वाचायला शिकले. २००९ मध्ये वसई-विरार महानगरपालिका झाली, तेव्हा कित्येक गावांनी आम्हाला त्यातून वगळा असा आग्रह धरला. तो प्रश्न पुढे वर्षानुवर्षे न्यायालयात राहिला.

या लढ्याने सगळे वाचले असे नाही. स्टेशनांच्या आसपास दाट वस्ती झाली ती झालीच. जुलै २०१८ च्या पावसात वसई-विरार भागात दिवसच्या दिवस पाणी तुंबले, लोकल गाड्या अडकल्या, वीज गेली. पाण्याच्या जुन्या वाटा अडवल्या की पाणी घरात शिरून आपला हक्क सांगते. तरीही पश्चिमेकडच्या गावांतला काही हिरवा पट्टा आजही टिकून आहे. लोक सावध राहिले, हे त्याचे मोठे कारण.

गोव्याचा अनुभवही ऐकण्यासारखा आहे. २००६ साली तिथे 'प्रादेशिक आराखडा २०११' अधिसूचित झाला. त्यात शेते, बागायती आणि डोंगरउतार बांधकामाला मोकळे केल्याचे लोकांच्या ध्यानात आले. गोवा बचाव अभियान सुरू झाले आणि जानेवारी २००७ मध्ये सरकारने तो आराखडा मागे घेण्याचे जाहीर केले. पुढच्या आराखड्याच्या वेळी गावांचे नकाशे ग्रामपंचायतींपुढे सूचनांसाठी ठेवले गेले. पण काम तिथेच संपले नाही. २०२३ साली चुका दुरुस्त करण्याच्या नावाखाली एकेका जमिनीचा झोन बदलण्याची वाट कायद्यात आली. मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने त्यासाठी केलेले नियम रद्द ठरवले. म्हणजे पाहा, आराखडा एकदा चांगला झाला म्हणून गावाने निर्धास्त झोपायचे नसते.

एकत्र आले तर

विकायचेच असेल, तर तेही शहाणपणाने करता येते. पुण्याजवळ हडपसरला मगरपट्ट्यातल्या सुमारे १२० शेतकरी कुटुंबांनी आपली ४०० एकरांहून अधिक जमीन एकत्र केली. तुकड्या-तुकड्याने बिल्डरला विकण्याऐवजी त्यांनी स्वतःची कंपनी काढली आणि ज्याची जितकी जमीन तितका त्याचा वाटा ठेवला. २०००च्या सुमारास काम सुरू झाले. रस्ते, झाडे, सांडपाण्याची सोय यांचा विचार आधीच करता आला, कारण जमीन सलग होती. पुढे सिंहगड रस्त्यावर नांदेड सिटीही याच वाटेने झाली.

हे सगळीकडे साधेल असे म्हणता येणार नाही. तिथे शहर दाराशी आले होते, भावकीत एकी होती आणि पुढाकार घेणारी माणसे होती. परंतु एक गोष्ट कोणत्याही गावाला लागू पडते. एकेकटा शेतकरी अर्धा एकर घेऊन बाजारात गेला, तर त्याला भाव दुसरा सांगतो. दहा जण मिळून गेले, तर रस्ता कुठे, पाणी कुठून, सांडपाणी कुठे, हे विचारण्याची ताकद येते.

आता काय करावे?

पहिले काम आजच करा. तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या ठिकाणी नगररचना कार्यालय असते. तिथे किंवा तुमच्या भागाच्या नियोजन प्राधिकरणाकडे अर्ज करून आपल्या गटाचा झोन दाखला आणि भाग नकाशा मागा. सातबारा आणि आठ-अ जसे पेटीत जपून ठेवता, तसेच हे दोन कागदही ठेवा.

दुसरे, आराखडा होतो कसा हे समजून घ्या. आधी इरादा जाहीर होतो. मग जमिनीचा आजचा वापर काय आहे याचा नकाशा तयार होतो. तुमची विहीर, फळबाग, ओढा, पाणंद त्यावर आली आहे का, हे याच वेळी पाहावे. त्यानंतर प्रारूप आराखडा प्रसिद्ध होतो. त्याची सूचना राजपत्रात आणि वर्तमानपत्रात येते. हरकती व सूचनांसाठी मुदत असते ३० दिवसांची. पेरणीच्या घाईत महिना कसा जातो ते कळतही नाही, म्हणून गावातल्या दोन-तीन शिकलेल्या मुला-मुलींवर नोटिसांवर लक्ष ठेवण्याचे काम सोपवा.

तिसरे, हरकत कशी लिहावी. "आमच्यावर अन्याय झाला आहे" एवढ्याने भागत नाही. गट नंबर लिहा. नकाशावर काय दाखवले आहे आणि जागेवर काय आहे, ते लिहा. बागायत असेल तर पीकपाहणीचा उतारा, विहिरीची नोंद, फोटो जोडा. रस्ता चुकीचा वाटत असेल, तर तो कुठून न्यावा हेही सुचवा. घरे येणार असतील, तर वर केला तसा पाण्याचा हिशेब मांडून विचारा, एवढे पाणी कुठून येणार आणि सांडपाणी कोणत्या ओढ्याला जाणार? ग्रामसभेचा ठराव जरूर करा, पण ठरावावर विसंबू नका. प्रत्येक खातेदाराने आपली हरकत वेगळी द्यावी. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि तारखेसह पोच घ्यावी. हरकत दिलेल्यांना नियोजन समितीपुढे सुनावणी मिळते. त्या दिवशी कापणी असली तरी जा.

चौथे, आराखडा मंजूर झाल्यावरही डोळे उघडे ठेवा. मंजूर आराखड्यात फेरबदल करण्याची तरतूद १९६६ च्या कायद्याच्या कलम ३७ मध्ये आहे. त्यासाठीही जाहीर सूचना काढून हरकतींसाठी एक महिना द्यावा लागतो. कोणाचा गट गुपचूप हिरव्यातून पिवळ्यात जात असेल, तर तो याच वाटेने जातो आणि त्याची बारीक अक्षरांतली जाहिरात आपल्या नजरेतून सुटते.

पाचवे, आरक्षण पडले म्हणून हाय खाऊ नका. अंतिम आराखडा अमलात आल्यापासून १० वर्षांत जमीन संपादित झाली नाही, तर कलम १२७ नुसार मालकाला खरेदीची नोटीस देता येते. त्यानंतर २४ महिन्यांत संपादनाची कारवाई झाली नाही, तर आरक्षण रद्द होते. कित्येक घरांना हा हक्क माहीत नसतो, आणि तोपर्यंत कोणीतरी तीच जमीन मातीमोलाने घेऊन मोकळा होतो.

घरातली चर्चा

शेवटी एक गोष्ट घरातल्या सगळ्यांसाठी. जमिनीचा कागद घरी आला की तो थोरल्यांच्या हातात जातो आणि सही झाल्यावर बाकीच्यांना कळते. २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा हक्क मुलाइतकाच झाला आहे. तेव्हा आई, सुना, सासरी गेलेल्या बहिणी यांना विचारल्यावाचून ना सौदा करावा, ना हरकत लिहावी. पाणी भरायला, गोठा सांभाळायला आणि भाजी काढायला त्याच असतात. ओढा कधी आटतो आणि विहीर कोणत्या महिन्यात तळाला जाते, हे त्यांच्याइतके दुसऱ्या कोणाला ठाऊक नसते. हरकतीच्या अर्जात हीच माहिती सर्वांत जास्त कामाला येते.

तसेच, साध्या मुद्रांकावर लिहून गुंठा-गुंठा विकण्याच्या मोहात पडू नका. घेणाऱ्याला ना रस्ता मिळतो, ना नळ. उद्या तीच माणसे तुमच्या दारात येतात. मंजूर रेखांकनात साधारण एकराहून मोठ्या जागेत दहा टक्के मोकळी जागा सोडावी लागते. गुंठ्याच्या धंद्यात मुलांना खेळायला हातभर जागाही उरत नाही.

घरे लागणारच. गावातल्या मुलांचे संसारही वाढणार आणि शहरातून येणाऱ्यांनाही छप्पर हवेच. घरे कुठे आणि किती, हे ठरताना शेतकऱ्याचे बोलणे कागदावर असले पाहिजे. येत्या ग्रामसभेत उभे राहून एकच प्रश्न विचारा, "आपल्या गावाचा आराखडा कुठपर्यंत आला आहे?" उत्तर मिळाले नाही, तर दुसऱ्या दिवशी दोघे-चौघे मिळून नगररचना कार्यालय गाठा. एसटीचे भाडे आणि एक दिवसाची मजुरी बुडेल. पिढ्यांच्या जमिनीपुढे हा खर्च काहीच नाही.